मेंटॉर वेगळा, साहेब वेगळा

मागच्या लेखात वैद्यकीय महाविद्यालयांतल्या नव्या अध्यापकांना उद्देशून ‘लवकर एखादा मेंटॉर शोधा’ असं एक वाक्य लिहिलं होतं. मेंटॉर म्हणजे ज्याच्यापुढे अडचणी मोकळेपणाने मांडता येतात असा अनुभवी मार्गदर्शक. त्यावर बरीच पत्रं आली आणि बहुतेकांचा गोंधळ एकच आहे : मेंटॉर आणि साहेब एकच धरले जातात. एकेकाला उत्तर लिहिण्यापेक्षा इथेच देते. नावं गाळली आहेत. ‘नाव छापू नका, सरांना कळेल’ असं ज्यांनी लिहिलंय, त्यांचा अर्धा प्रश्न त्या वाक्यातच आहे.

प्रश्न : एमडीला जे माझे गाइड होते, तेच आता माझे मेंटॉर, असं धरून चालू का? (सहायक प्राध्यापक, शरीरक्रियाशास्त्र, मराठवाडा)

नाही. गाइड प्रबंधाचा असतो आणि प्रबंध जमा झाला की त्याचं काम संपतं. मेंटॉर म्हणून तेच हवे असतील, तर त्यांना वेगळं विचारा.

प्रश्न : बीसीबीआर (संशोधनाचा प्राथमिक कोर्स) आणि बीसीएमई (वैद्यकीय अध्यापनाचा प्राथमिक कोर्स) हे दोन्ही प्रमोशनच्या वेळी केले तरी चालतात, असं सीनियर सांगतात. खरं का?

सीनियरांच्या वेळचे नियम सीनियरांबरोबर गेले. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२२ च्या अध्यापक-पात्रता नियमांत हे दोन्ही कोर्स होते आणि २०२५ मध्ये ते नियमही बदलले. बीसीबीआर चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेचा. शिकायचा घरबसल्या, पण परीक्षेला केंद्रावर जावं लागतं आणि नोंदणी बारा महिने उघडी नसते. बीसीएमईच्या तुकडीत जागा मोजक्याच असतात. तुमच्या महाविद्यालयाच्या मेडिकल एज्युकेशन युनिटच्या समन्वयकांना याच आठवड्यात भेटा आणि सध्याची अधिसूचना स्वतः वाचा. कॅन्टीनमध्ये ऐकलेल्या नियमावर नोकरी बेतू नका.

प्रश्न : आमच्याकडे मेंटॉर-मेंटी योजना आहे. आम्हा चौघा नव्यांचे मेंटॉर विभागप्रमुखच आहेत. तीन महिन्यांनी एकदा फॉर्मवर सही होते. मला लेक्चर घेताना घाम फुटतो, मुलं मागे बोलत बसतात. हे सरांना कसं सांगू?

सांगू नका. निदान आधी त्यांना तरी नको. या विषयावर मी गेली कित्येक वर्षं डोकं आपटून घेतेय, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

जो माणूस तुमचा गोपनीय अहवाल लिहितो, रजा मंजूर करतो, ड्युट्या लावतो आणि प्रमोशनच्या कागदावर शिफारस करतो, त्याच्यासमोर तुम्ही इस्त्रीचा ॲप्रन घालूनच जाणार. मेंटॉरला डाग पडलेला ॲप्रन दिसायला हवा. विभागप्रमुख सज्जन असले तरी यात फरक पडत नाही. सज्जन माणसालाही एकदा ऐकलेलं विसरता येत नाही आणि मार्चमध्ये अहवाल लिहिताना तुमचं ‘घाम फुटतो’ त्याला आठवतंच. मी स्वतः औषधशास्त्राची विभागप्रमुख असताना असे फॉर्म भरले आहेत. ‘प्रगती : समाधानकारक’. इन्स्पेक्शनच्या आदल्या दिवशी, एका बैठकीत, चारही. मेंटींना बोलावलंसुद्धा नव्हतं. फाइल मात्र नीट लावलेली होती.

मला स्वतःला मेंटॉर मिळाल्या त्या विकृतिशास्त्रातल्या. आमच्या विभागाशी त्यांचा काही संबंध नव्हता. नोकरीचं पहिलं वर्ष, ओव्हरहेड प्रोजेक्टरचे दिवस. जिन्यात भेटल्या तेव्हा धीर करून म्हटलं, माझं एक लेक्चर ऐकाल का? त्या शेवटच्या बाकावर येऊन बसल्या आणि तासभर कागदावर नुसत्या रेघा मारत होत्या. बाहेर आल्यावर तो कागद माझ्या हातात दिला. सत्तावीस रेघा. ‘इतक्या वेळा तू मुलांकडे पाठ केलीस. पुढच्या वेळी दहा कर.’ बाकी एक अक्षर बोलल्या नाहीत. पुढच्या वेळी चौदा झाल्या. त्यांच्या हातात माझं काहीच नव्हतं, म्हणून त्या खरं बोलू शकल्या आणि मी ते ऐकू शकले.

तेव्हा दुसऱ्या विभागातलं, तुमच्यापेक्षा आठ-दहा वर्षं पुढे असलेलं माणूस बघा. संशोधनासाठी वेगळं कुणी चालेल. एकाच खांद्यावर सगळं नको. ‘माझे मेंटॉर व्हाल का?’ असं विचारलंत की समोरचा घाबरतो आणि गोड बोलून टाळतो. नेमकं काम सांगा : ‘येत्या गुरुवारचं दहाचं लेक्चर मागे बसून ऐकाल का?’ जमलं तर महिन्यातून एकदा अर्धा-पाऊण तास ठरवा आणि सहा महिन्यांनी पुढे चालायचं का ते दोघांनी बघा. थांबायचं ठरलं तर त्यात भांडण नाही. कॅथी क्रॅम या अभ्यासिकेने १९८३ मध्येच या नात्याचे चार टप्पे सांगितले आणि दूर होणं हा त्यातला एक टप्पा आहे.

राहिला तो फॉर्म. विभागप्रमुखांविरुद्ध तक्रार करू नका. आणखी दोघा-तिघांना घेऊन एज्युकेशन युनिटमार्फत अधिष्ठात्यांना अर्ज द्या की मेंटॉर विभागाबाहेरचा निवडायची मुभा असावी. अर्ज देण्याआधी मसुदा एखाद्या अनुभवी प्राध्यापकाला दाखवा. आणि घाम फुटणं लेक्चरपुरतं नसेल, झोप उडाली असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. ते मेंटॉरचं काम नाही.

प्रश्न : ‘दोन दिवसांत आंतरराष्ट्रीय लीडरशिप फेलोशिप, सोबत एका पेपरमध्ये लेखक म्हणून नाव’ असा मेसेज आलाय. फी अठ्ठावीस हजार. प्रमोशनला उपयोग होईल का?

दुकानदाराला होईल. फोटो, उपरणं आणि प्रमाणपत्र याला फेलोशिप म्हणत नाहीत. फेमर या वैद्यकीय शिक्षकांना घडवणाऱ्या अमेरिकी संस्थेची फेलोशिप बघा : मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात २००५ मध्ये तिचं प्रादेशिक केंद्र सुरू झालं, पाठोपाठ लुधियाना आणि कोइम्बतूर. तिथे दोन वर्षं लागतात आणि स्वतःच्या महाविद्यालयात एक शैक्षणिक प्रकल्प करून दाखवावा लागतो. विकत घेतलेलं लेखकपद तर सरळ गैरवर्तन आहे. हैदराबादच्या एका प्रकाशन कंपनीला असल्याच फसव्या जर्नलांपायी अमेरिकी न्यायालयाने २०१९ मध्ये पाच कोटी डॉलरहून जास्त रक्कम भरायला सांगितली. तिथे छापलेले पेपर आजही कित्येकांच्या बायोडेटात आहेत. पैसे भरण्याआधी ग्रंथपालांना जर्नल दाखवा. दहा मिनिटांचं काम आहे.

प्रश्न : पेपर मी लिहिला, एचओडी (विभागप्रमुख) म्हणतात पहिलं नाव त्यांचं. काय करू?

२०२२ च्या नियमांत प्रमोशनसाठी पहिल्या तीन लेखकांपैकी एक असण्याची किंवा जर्नलशी पत्रव्यवहार करणारा लेखक असण्याची अट होती, त्यामुळे ही रेटारेटी वाढली. लेखक ठरवायचे आंतरराष्ट्रीय निकष चार आहेत : कल्पना, आराखडा किंवा विदा (डेटा) यांत भरीव वाटा, लेखनात किंवा दुरुस्तीत सहभाग, अंतिम मसुद्याला संमती, आणि मजकुराची जबाबदारी. चारही हवेत, खुर्ची त्यात बसत नाही. पण एकट्याने केबिनमध्ये जाऊन निकष वाचून दाखवू नका. आधी संशोधन कक्षाच्या समन्वयकांशी किंवा एथिक्स कमिटीच्या (संशोधनाला नैतिक मंजुरी देणाऱ्या समितीच्या) सदस्य-सचिवांशी बोला. पुढच्या वेळी प्रोटोकॉल (संशोधनाचा आराखडा) जमा करतानाच नावांचा क्रम कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. त्या दिवशी कुणी भांडत नाही.

प्रश्न : मेंटॉर सर रात्री अकरानंतर फोन करतात, विषय कामाचा नसतो. नाही म्हटलं तर बिनसेल का?

हे मेंटॉरिंग नाही. मेसेज पुसू नका, तारखा लिहून ठेवा आणि महाविद्यालयाच्या अंतर्गत समितीला भेटा. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात तक्रारीची मुदत तीन महिन्यांची आहे; सबळ कारण असेल तर समिती ती आणखी तीन महिने वाढवू शकते. त्यावर विसंबू नका. आजच भेटा.

प्रश्न : मी नर्सिंग कॉलेजात ट्यूटर आहे. हे सगळं डॉक्टरांसाठीच ना?

नाही.

प्रश्न : माझ्याकडे कुठलंही पद नाही. नेतृत्व वगैरे प्रोफेसर झाल्यावर बघू असं वाटतं. घाई कशाला? (सहायक प्राध्यापक, जनऔषधवैद्यकशास्त्र)

प्रोफेसर झाल्यावर पहिल्यांदा माणसं सांभाळायला घेणारे विभाग कसे चालवतात, ते तुम्ही रोज बघताच. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) एसटीएस ही विद्यार्थ्यांसाठीची संशोधन योजना १९७९ पासून चालू आहे. एमबीबीएसचा एक विद्यार्थी, एक गाइड, दोन महिन्यांचा छोटा प्रकल्प. गाइड तुम्ही व्हा. पोरगं सिनॉप्सिस (प्रकल्पाची रूपरेषा) उशिरा देतं, विदा चुकीची भरतं, परीक्षा आली की गायब होतं. त्याला न रागावता अहवालापर्यंत आणायचं. यंदाच्या अर्जाच्या अटी आणि तारखा संशोधन कक्षात विचारा आणि एथिक्स कमिटीच्या बैठकीची तारीख त्याआधी. बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं.

आणि तुमच्याच पत्रात खाली एक ओळ आहे : ‘एमडीचा प्रबंध अजून छापायचा राहिलाय, चार वर्षं झाली.’ त्याबद्दल तुम्ही काहीच विचारलं नाहीत. तो कपाटातून काढा आणि जुन्या गाइडना या रविवारी फोन करा.