प्रयोगशील शाळेतली मुलगी गणितात फार पुढे आहे. शाळा बदलावी का?

तुम्ही लिहिलंय की मुलगी सहावीत आहे, शाळेत रमते, पण नववीची गणितं आपणहून सोडवते आणि गणिताच्या तासाला कंटाळते. शाळेला विचारलं तर "आम्ही मुलांची तुलना करत नाही" असं उत्तर मिळालं. मी अशाच एका शाळेत गणित शिकवते. माझं मत: शाळा बदलू नका, पण ते उत्तर मान्यही करू नका.

तुलना न करणं ही आमच्या शाळांची ताकदच आहे. पण वाचताना अडखळणाऱ्या मुलासाठी आम्ही ताई-दादा, म्हणजे शिक्षक, वेगळा वेळ काढतो, वेगळं साहित्य तयार करतो, आणि पुढे गेलेल्या मुलाला मात्र "बाकीच्यांना मदत कर" एवढंच सांगतो. कधीतरी ठीक आहे. रोज तेच झालं तर ते मूल स्वतः शिकणार कधी? आपापल्या गतीने शिकण्याचा हक्क त्यालाही आहे. विशेष आवड किंवा क्षमता असलेल्या मुलांना शिक्षकांनी पूरक साहित्य आणि मार्गदर्शन द्यावं, असं २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही म्हटलंय. ते शाळेला जरूर दाखवा.

मागणी नेमकी करा: फक्त गणिताच्या तासाला वरच्या गटात बसू द्या. लवचीक वेळापत्रकाच्या शाळेला हे सहज जमतं.

मात्र पुढच्या इयत्तांची पुस्तकं भराभर संपवणं हा उपाय नाही. तिला खोल जाऊ द्या. उदाहरणार्थ, १ ते १०० मधल्या कोणत्या संख्या दोन किंवा अधिक सलग नैसर्गिक संख्यांची बेरीज म्हणून लिहिता येत नाहीत? उत्तर सहावीतल्या मुलीला सापडतं. "का?" हे पटवून देताना खरा कस लागतो, आणि तिथे घाई करू नका, उत्तर सुचेल असं काही सांगूही नका.

होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा सहावीसाठी असते. लेखी परीक्षेनंतर प्रात्यक्षिक, प्रकल्प आणि मुलाखत असल्याने हाताने काम करायची सवय असलेल्या आपल्या मुलांना ती मानवते. गणित ऑलिम्पियाडची पहिली पायरी आठवीपासून देता येते. पुण्यात असाल तर भास्कराचार्य प्रतिष्ठान या गणिताच्या संस्थेत चौकशी करा.

बुद्ध्यंक चाचणीची आत्ता गरज वाटत नाही. ती काय करू शकते ते समोर दिसतंच आहे. मुक्त विद्यालयातून १४व्या वर्षी दहावी देता येते, असंही तुम्हाला कुणी सुचवेल. तिच्या मैत्रिणी या शाळेत आहेत, तोवर त्या वाटेला जाऊ नका.