‘आला, शेवट आला!’

“मॅडम, दुखायचं थांबलंय. मग परत कशाला जायचं?”

रूट कॅनाल अर्धवट सोडलेल्यांचा हा ठरलेला प्रश्न. माझी समुपदेशनाची खोली दुसऱ्या मजल्यावर आणि त्याच जिन्यावर खाली एका दंतवैद्य मैत्रिणीचा दवाखाना, त्यामुळे तो माझ्या वाट्याला जरा जास्तच येतो. या वेळी विचारणाऱ्या होत्या मंगलताई. (नाव बदललंय, आणि त्यांना विचारूनच लिहितेय.) वय ४६, घरीच ब्लाउज-परकर शिवतात. चार महिन्यांपूर्वी दुसऱ्या एका दवाखान्यात उजवीकडच्या खालच्या दाढेचं काम सुरू झालं होतं. पहिल्या सिटिंगला दाढ उघडली, आतली नस काढली, औषध ठेवून वर तात्पुरतं सिमेंट भरलं. ठणका थांबला आणि मंगलताईंनी त्या दवाखान्याचा रस्ताच सोडला. आता हिरडीवर ज्वारीच्या दाण्याएवढा फोड आला होता. दुखत नव्हता. मधूनच फुटायचा, तोंड खारट व्हायचं, पुन्हा बसायचा. मुलीने बळेबळे माझ्या मैत्रिणीकडे आणलं, तर खुर्ची बघूनच परत फिरल्या. म्हणून वर माझ्याकडे.

पहिल्या भेटीत मी चुकले. श्वासाचा व्यायाम करून घेतला, ‘घाबरण्यासारखं काही नाही हो’ म्हटलं आणि खाली पाठवलं. पाच मिनिटांनी खिडकीतून बघते तर बाई रिक्षात बसत होत्या. खरं तर मला कळायला हवं होतं. ‘घाबरू नका’ म्हटलं की घाबरलेल्याला एवढंच ऐकू येतं की समोरच्याला आपलं गाऱ्हाणं ऐकायचं नाही.

दुसऱ्या खेपेला मी समजूत घातलीच नाही. त्या दिवशी काय काय झालं ते पहिल्यापासून सांगा, एवढंच म्हटलं.

“इंजेक्शन दिलं तरी कळ येत होती. सांगितलं तर म्हणाले, एवढं कुठं दुखतं! मग ओठाला एक आकडा अडकवला, त्याला वायर. दाढेत सुई घातली. मशीन वाजायला लागलं. आधी सावकाश, टूं… टूं…, मग भराभर. आणि डॉक्टर त्या पोरीला म्हणाले, ‘आला, शेवट आला!’” मंगलताई थांबल्या. “मॅडम, मला वाटलं माझाच आला.”

आम्ही दोघी पोट धरून हसलो. पण पुढचं हसण्यासारखं नव्हतं. घशात ब्लीचसारखं काहीतरी उतरलं, ठसका लागला. सुई कुठवर गेली हे कुणी सांगितलं नाही, आणि तोंडात हात असताना विचारणार कसं? घरी आल्यावर शेजारणीने भर घातली, दाढेची नस मारली की डोळ्याला त्रास होतो. (हे इथेच मिटवते. नजरेची नस डोळ्याच्या मागून थेट मेंदूकडे जाते, दाढेच्या नसेशी तिचा संबंध नाही.)

इंजेक्शननंतरही दुखणं हे नाटक नव्हतं. नस खूप सुजलेली असेल तर खालच्या दाढेत भूल नीट चढत नाही, ही दंतवैद्यांची रोजची डोकेदुखी आहे. हे ऐकल्यावर मंगलताईंचे खांदे जरा खाली आले. चार महिने त्यांना घरच्यांनीही नाटकीच ठरवलं होतं.

पुढच्या भेटीला मी त्यांना शिलाई मशीनच्या सुयांचं पाकीट घेऊन यायला सांगितलं, आणि मैत्रिणीला फाइलींचा डबा घेऊन वर बोलावलं. रूट कॅनालच्या त्या ‘सुया’ म्हणजे खरं तर बारीक कानशी, म्हणून नाव फाइल. प्लॅस्टिकच्या छोट्या रंगीत मुठी: पंधरा नंबर पांढरा, वीस पिवळा, पंचवीस लाल, तीस निळा. मैत्रिणीने मंगलताईंचं पाकीट हातात घेतलं. त्यावर होतं १००/१६.

“यातला शंभर म्हणजे काय, माहितीय?”

“आम्ही सोळा नंबरच म्हणतो.”

“शंभर म्हणजे मिलिमीटरचे शंभर शतांश, एक मिलिमीटर जाड. आमचे नंबरही त्याच मापाचे. ही लाल, पंचवीसची. टोकाशी पाव मिलिमीटर.”

मंगलताईंनी दोन्ही शेजारी धरून उजेडात पाहिल्या. लाल मुठीची फाइल वाकवली, सोडली. “ही तर केसासारखी आहे,” म्हणाल्या. चार महिने त्यांच्या डोक्यात जी सुई होती ती जाड कापडाची होती.

मग फाइलीवरचं रबराचं चिमुकलं चाक. ते सरकवून लांबीची खूण करतात, म्हणजे फाइल त्यापुढे जात नाही. आणि ते टूं टूं करणारं यंत्र मुळाचं टोक किती जवळ आलं ते सांगतं. ज्या आवाजाने त्यांचा जीव गोळा झाला, तो ‘इथेच थांब’ म्हणणारा आवाज होता. डॉक्टरांचा ‘शेवट’ मुळाचा होता.

ब्लीचचं मात्र त्यांना बरोबर कळलं होतं. ते सोडियम हायपोक्लोराइट, कपड्यांच्या ब्लीचच्याच जातीचं. दाढेच्या मुळातली, नस असते ती नळी काही गोल पाइप नसते. चपटी असते, वाकते, तिला फाटे फुटतात. फाइल कितीही फिरवली तरी भिंतीचा बराच भाग, एक तृतीयांशाहूनही जास्त, तिला शिवतच नाही. तिथे हे पाणी पोचतं, जंतू मारतं, नसेचे उरलेसुरले धागे विरघळवतं. फाइलचं मोठं काम म्हणजे पाण्याला खालपर्यंत वाट करून देणं आणि नळीला वरून खाली निमुळता आकार देणं.

मंगलताई थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “म्हणजे परकराचा नेफा. आत दोरे-गुंते राहिले की नाडी अडकते. आधी नेफा साफ करायचा, मग नाडी भरायची.”

मैत्रीण माझ्याकडे बघतच राहिली. हर्बर्ट शिल्डर या अमेरिकन दंतवैद्याने १९७४ मध्ये ‘क्लीनिंग अँड शेपिंग’ अशी या कामाची मांडणी केली. ती मांडणी दवाखान्यात पेशंटांना समजावताना मैत्रिणीची दमछाक होते, आणि इथे एका वाक्यात काम झालं. नाडी म्हणजे साफ केलेल्या नळीत शेवटी भरतात तो रबरासारखा पदार्थ, गट्टापर्चा. नेफा अर्धवट सोडला होता, एवढंच.

आता ‘दुखत नाही’चं काय? दुखणं सांगणारी नसच काढून टाकलेली. जंतू मात्र आत राहिले, तात्पुरतं सिमेंट काही आठवड्यांच्या बोलीचं, ते झिजलं. हाडात पू झाला, त्याने हिरडीतून वाट काढली. वाट मिळाली की दाब नाही, दाब नाही म्हणून ठणका नाही. तो न दुखणारा फोड हेच उत्तर होतं.

“आणि सुई आत तुटली तर? माझ्या मशीनवर तुटते.”

इथे मैत्रीण ‘छे छे’ म्हणेल अशी मला भीती होती. ती म्हणाली, तुटते कधी कधी. स्टीलच्या फाइलीचे पीळ आधी सुटलेले दिसतात, ती टाकून देता येते. निकेल-टायटॅनियमची वाकड्या मुळात छान वळते, पण काही वेळा न सांगता तुटते, म्हणून ठरावीक वापरानंतर फेकतात. तुकडा राहिला तर तो विष नसतो. तो कुठे अडकला आणि त्याच्या खाली किती साफ झालं होतं, त्यावर पुढचं ठरतं. “आणि तसं झालं तर मी तुम्हाला सांगेन, लपवणार नाही.” मंगलताईंनी सिटिंगची तारीख घेतली ती या वाक्यानंतर.

आम्ही दोन गोष्टी ठरवल्या. डावा हात वर केला की काम थांबणार, कारण न विचारता. आणि डॉक्टर प्रत्येक फाइलचा नंबर मोठ्याने म्हणणार. दाढेभोवती रबराचा पडदा लावायचा, म्हणजे ब्लीच घशात नाही आणि फाइल निसटली तरी पोटात नाही. तो मी आदल्या दिवशी त्यांच्या हातात दिला. नाक मोकळं राहतं हे त्यांनी आरशात स्वतः पाहिलं.

त्या दिवशी मी खुर्चीच्या पायाशी उभी होते. हात तीनदा वर गेला. एकदा थुंकी गिळायला, एकदा नाक खाजवायला, आणि एकदा उगीच, डॉक्टर खरंच थांबतात का बघायला. थांबल्या. “दहा… पंधरा… वीस…” चालू होतं. यंत्र भराभर वाजायला लागलं तेव्हा मंगलताईंनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं आणि बोट वर केलं: आला, शेवट आला.

दोन आठवड्यांत फोड बसला, तिसऱ्या सिटिंगला नळ्या भरल्या. हाड भरून यायला महिने लागतात, म्हणून सहा महिन्यांनी पुन्हा एक्स-रे काढायचा आहे. कॅप मात्र अजून बसवलेली नाही. लग्नसराई संपू दे म्हणतात. असं काम झालेली दाढ कॅपशिवाय चिरू शकते, हे मैत्रिणीने त्यांना दोनदा सांगितलंय. परवा फोनवर मी विचारलं, सध्या कोणत्या बाजूने चावता?

“डाव्या,” म्हणाल्या आणि त्यांनी ब्लाउजच्या गर्दीचा विषय काढला.