कचरा डेपोवर भरपूर पाणी सोडलं तर आतली घाण धुऊन निघेल का?

निघते, पण वाटतं तेवढी पटकन नाही. कचरा म्हणजे सगळीकडे सारखा स्पंज नाहीये, आत प्लास्टिकच्या पिशव्या, चिंध्या, दाबून बसलेली माती असं सगळं आडवंतिडवं पडलेलं असतं, त्यामुळे पाणी सोप्या फटी शोधतं आणि तिथूनच सुसाट खाली जातं, बाजूचा कचरा मात्र तसाच राहतो. एखादी पिशवी पसरलेली असेल तर तिच्यावर पाणी साचतं आणि खालचा भाग चक्क कोरडा!

म्हणून सुरुवातीला लिचेट, म्हणजे कचऱ्यातून झिरपून खाली येणारं घाण पाणी, एकदम घट्ट, काळपट येतं, मग त्यातलं क्लोराइड वगैरे क्षारांचं प्रमाण झपाट्याने कमी होतं आणि लोकांना वाटतं झालं काम. पण अडून बसलेल्या पाण्यातले क्षार डिफ्युजनने, म्हणजे जास्त खारट पाण्यातून कमी खारट पाण्यात आपोआप पसरत, हळूहळू फटींमध्ये येतच राहतात, पाणी थोडे दिवस बंद करून परत सोडलं की आकडा पुन्हा वर चढलेला दिसतो. अमोनिया तर सगळ्यात चिवट, ऑक्सिजन नसताना तो फारसा मोडतच नाही, धुऊनच काढावा लागतो किंवा आत हवा सोडावी लागते. नुसत्या पावसाच्या भरवशावर बसलात तर कित्येक दशकं धरून चाला, आणि वरून पक्कं झाकण घातलं असेल तर धुणं जवळपास थांबतंच.