टॅबवरची पिवळी मारबत कॅनव्हासवर मळते, ती का?

तुमची अडचण अशी: नागपूरच्या इतवारीत फोनवर टिपलेल्या पिवळ्या मारबतीवरून (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मिरवणुकीत निघणारा मोठा पुतळा) टॅबवर चित्र जुळवलं, ते 24×36 इंची उभ्या कॅनव्हासवर ॲक्रिलिकमध्ये उतरवलं, तर पिवळा मळका आला आणि मारबत मागे कललेली दिसते.

आधी रंग. स्क्रीन स्वतः उजेड फेकते, कॅनव्हास खोलीतला उजेड फक्त परतवतो. तेवढा झगझगीत पिवळा कुठल्याच ट्यूबमध्ये नाही. टॅबशेजारी पांढरा कागद ठेवा आणि स्क्रीनवरचं कोरं पान त्याच्याइतकंच उजळ दिसेपर्यंत ब्राइटनेस उतरवा. नाइट मोड बंद. रंग त्यानंतर ठरवायचे.

खरा घोळ सावलीत होतो. टॅबवर स्लायडर खाली ओढला की पिवळा गडद होतो, म्हणून कॅनव्हासवर हात काळ्याकडे जातो आणि पिवळ्याचा शेवाळी हिरवा होतो. सावलीला यलो ऑकर (मातकट पिवळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) घ्या, फार तर कणभर जांभळा. पिवळा उठावदार हवा तर त्यात पांढरा ओतू नका, भोवतीची गर्दी करडी करा. ॲक्रिलिकचा ओला बाइंडर, म्हणजे रंगकण धरून ठेवणारा चिकट भाग, दुधाळ असतो, वाळला की पारदर्शक होऊन रंग गडद दिसतो. म्हणून वेगळ्या तुकड्यावर रंगाची नमुना पट्टी ओढा आणि ती वाळवूनच ताडा. आणि कूलरच्या झोतात बसू नका, पॅलेटवरच रंगाला साय धरते.

कललेपण फोनचं. मुख्य लेन्स रुंद कोनाची. अरुंद गल्लीत जवळून फोन वर केला की पाय मोठे, डोकं लहान. मागे सरून 2एक्सवर फोटो घ्या, किंवा आहे तोच फोटो एडिटिंग ॲपमधल्या उभ्या पर्स्पेक्टिव्हच्या स्लायडरने सरळ करा. शिवाय फोनचा फोटो 4:3, तुमचा कॅनव्हास 3:2. उंची 36 इंच धरली तर फोटोची रुंदी 27 येते, म्हणजे 3 इंच कापावे लागतात. ते टॅबवरच कापा, नाहीतर चित्र ताणलं जातं. मग 6 इंची चौकोनांचं जाळं: आडवे 4, उभे 6.

झूम करून रेखाटू नका. तसं केल्याने चेहरा, हार, मागची दुकानाची पाटी सगळं सारखंच टोकदार होतं आणि डोळ्याला थांबायला जागा उरत नाही. जर्मन चित्रकार गेऱ्हार्ड रिष्टर यांनी 1960च्या दशकात फोटोवरून रंगवताना ओल्या तैलरंगावर ब्रश फिरवून कडा पुसल्या. धूसरपणा हाच चित्राचा विषय झाला. ब्रिटिश चित्रकार डेव्हिड हॉकनी यांनी 2010पासून आयपॅडवर काढलेली चित्रं मात्र मोठ्या आकारात छापून दाखवली, कारण ती स्क्रीनचीच होती. तुमचं टॅबवरचं चित्र आराखडा असेल, तर रचना आणि छाया-प्रकाश पक्के झाले की ते कृष्णधवल करून समोर लावा आणि रंग वाळलेल्या नमुना पट्टीवरून घ्या.