नर्सिंगला निघालेल्या भाचीस

धुळे

चि. बेटा,
अनेक आशीर्वाद.

तुझा फोन आला तेव्हा वॉर्डात राउंड चालू होता, नीट बोलता आलं नाही. सीईटी बरी गेली आणि तुला बीएस्सी नर्सिंगच करायचंय, हे ऐकून फार बरं वाटलं. घरात दोन मतं आहेत म्हणालीस, म्हणून सविस्तर लिहिते.

कॉलेजचं आधी. नर्सिंगचे कोर्स तीन: एएनएम दोन वर्षांचं, जीएनएम तीन वर्षांचं (हे दोन्ही डिप्लोमासारखे), बीएस्सी ही पदवी चार वर्षांची. तुझ्याकडे सायन्स आहे, तर बीएस्सीच धर. जीएनएम करणाऱ्या मैत्रिणींना मात्र कमी लेखू नकोस, त्याही पुढे दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी करून तिथंच पोचतात. ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेजांच्या पसंतीचा अर्ज, भरताना कॉलेजची इमारत बघू नकोस, हॉस्पिटल बघ. भारतीय परिचर्या परिषदेची मान्यता आहे का, पोस्टिंग, म्हणजे शिकताना वॉर्डातली ड्युटी, कुठे लागते आणि तिथल्या खाटांवर खरोखर पेशंट असतात का, एवढं स्वतः जाऊन विचार. धुळे, जळगाव, नंदुरबार तिन्हीकडे आता सरकारी मेडिकल कॉलेजं आहेत. तिथल्या वॉर्डात पोस्टिंग मिळत असेल तर शिकायला काही कमी पडणार नाही. रिकाम्या वॉर्डात शिकलेल्या मुलींचे पहिल्या नोकरीत फार हाल होतात.

आता कामाचं. तुला सगळे सांगतील की नर्सिंग म्हणजे सेवा. माझं मत विचारशील तर हे काम आधी डोळ्यांचं आहे. डॉक्टर राउंडला येऊन जातात, बाकीचे तास पेशंटजवळ आपण असतो. त्याचं बिघडायला लागलंय हे पहिल्यांदा आपल्याला कळलं पाहिजे.

एक उदाहरण देते. बीपी वाढून झटके आलेली बाळंतीण सातपुड्यातल्या एखाद्या पाड्यावरून रात्री येते. तिला मॅग्नेशियम सल्फेट चालू करतात. झटके थांबवणारं हेच औषध अंगात जास्त साठलं तर श्वास बंद पाडतं. म्हणून दर चार तासांच्या डोसआधी आपण तिच्या गुडघ्याखाली हातोडी मारून पाय उडतो का बघायचा, पूर्ण मिनिटभर श्वास मोजायचे, ते सोळाच्या खाली नकोत, आणि युरिन बॅग वाकून बघायची. तासाला निदान ३० मिलि लघवी झालेली हवी. यातलं एक जरी कमी भरलं तरी डोस थांबवायचा, डॉक्टरांना बोलवायचं आणि कॅल्शियम ग्लुकोनेट हाताशी ठेवायचं. ऑर्डर लिहिलेली असली तरी थांबवायचा. हे थांबवणं अभ्यासाशिवाय जमत नाही, म्हणून फिजिऑलॉजी आणि फार्माकॉलॉजी पाठ करून सोडून देऊ नकोस.

इन्शुलिनचंही तसंच. इन्शुलिनच्या बाटल्या एका मिलित ४० युनिट आणि १०० युनिट अशा दोन ताकदींच्या, आणि दोन्हींच्या सिरिंज वेगळ्या: ४० ची लाल टोपीची, १०० ची नारिंगी. १०० ची बाटली ४० च्या सिरिंजने भरली तर अडीचपट इन्शुलिन जातं. रात्री तीन वाजता, डोळे मिटत असताना, टोपीचा रंग आणि बाटलीवरचा आकडा दोन्ही मोठ्याने वाच.

आणि जे पाहिलं तेवढंच लिही. बीपी न बघता चार्टवर १२०/८० टाकणाऱ्या सीनियर तुला भेटतील, 'लिहून टाक गं' म्हणतील. या एका बाबतीत कोणाचंही ऐकू नकोस, माझंसुद्धा. खोटा आकडा पुढच्या पाळीतल्या सिस्टरला खरा वाटतो आणि ती त्यावर औषध देते. ऑर्डर पटली नाही तर 'सर, डोस पुन्हा एकदा सांगता का?' एवढं विचार. कोणी ओरडलं तरी विचार.

नंदुरबारकडे पोस्टिंग लागलं तर सिकलसेलचे, म्हणजे आईबापांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराचे, रिपोर्ट रोज हातात येतील. मुलगी नुसती वाहक असते, तिला काही त्रास नसतो, तरी ते बाहेर फुटलं की लग्न मोडतं. लहान गावात रिपोर्ट विचारणारा बहुतेक ओळखीचाच निघतो, तरी त्याला सांगायचं नाही. तिला मात्र शांतपणे समजावायचं की नवरा-बायको दोघंही वाहक असतील तर दर गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. ती भिली किंवा पावरी बोलणारी असेल तर चार वाक्यं त्या भाषेतली शिकून घे. आपल्याकडच्या म्हातारीला अहिराणीत 'कोठे दुखस माय?' विचारलं की ती जे सांगते, ते 'आपल्याला काय त्रास होतोय' विचारल्यावर सांगत नाही.

त्रास आहेच. एका सिस्टरकडे वाजवीपेक्षा जास्त पेशंट असतात, मे महिन्यात वॉर्ड भट्टीसारखा तापतो, खाजगीत पगार तोकडा. काही ठिकाणी मूळ सर्टिफिकेट जमा करून घेतात. झेरॉक्स दे, मूळ कागद कधीच नाही. हिपॅटायटिस बीचे तिन्ही डोस कॉलेजात असतानाच घे. सुई टोचली तर बोट पिळायचं नाही, साबण-पाण्याने धुवायचं आणि त्याच तासाला कळवायचं. एचआयव्ही टाळायची औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, जितक्या लवकर तितकं चांगलं.

दादा अरुणा शानबागचं नाव घेतो म्हणालीस. त्याची धास्ती खोटी नाही. अरुणा मुंबईच्या केईएम हॉस्पिटलात नर्स होती, १९७३ साली तिथेच तिच्यावर हल्ला झाला आणि २०१५ मध्ये जाईपर्यंत ती तिथेच पडून होती. एवढी वर्षं तिचं सगळं केलं ते तिथल्या नर्सेसनीच. आता कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ चा कायदा आहे, दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे तक्रार समिती लागतेच. दवाखान्यात मारहाण करणाऱ्यांसाठी राज्याचा २०१० चा कायदा आहे. पण कायदा आहे म्हणून अंधारा पॅसेज उजेडाचा होत नाही. रुजू होशील तिथे समितीत कोण आहे, रात्री गेटवर कोण असतं, चेंजिंग रूमला आतून कडी आहे का, हे पहिल्याच दिवशी विचार. असं विचारणाऱ्या मुलीला भित्री म्हणतात. म्हणू दे.

दादाशी मी बोलते. त्याला घेऊन एखाद्या संध्याकाळी ड्युटी बदलताना ये. एक सिस्टर दुसरीला एकेका बेडचा ओव्हर कसा देते, म्हणजे पेशंटची सगळी माहिती कशी सोपवते, ते त्यालाही बघू दे. येताना सीईटीचं स्कोअरकार्ड आण, ऑप्शन फॉर्म इथेच बसून भरू.

तुझी,
आत्या