काळा देव, पांढरे नाव

चि. ईरा हिस अनेक आशीर्वाद.

परवा इथल्या मंडळात आषाढीची आरती संपल्यावर तू विचारलेस, की पांडुरंग म्हणजे पांढऱ्या रंगाचा असे मराठी शाळेत शिकवले, मग मूर्ती काळी कशी? गाडीत मी ‘देवाची नावे अशीच असतात’ असे काहीतरी म्हणून वेळ मारून नेली. ते उत्तर आळशीपणाचे होते, म्हणून हे पत्र.

तू लावलेला अर्थ बरोबर आहे. संस्कृतात ‘पांडु’ आणि ‘पांडुर’ म्हणजे फिकट, पांढुरका. पांडवांचा बाप पांडू जन्मतः निस्तेज होता, त्याचे नावही त्यावरूनच पडले. विठ्ठल मात्र काळ्या पाषाणाचा, आणि संतांनीही त्याला सावळाच म्हटले आहे. कीर्तनकार यावर एक गोड तोडगा सांगतात: हा मूळचा गोकुळातला कृष्ण, गाईंच्या खुरांची धूळ अंगावर बसून पांढरा झालेला. ऐकायला मला हे फार आवडते, पण नावाची व्युत्पत्ती म्हणून ते पटत नाही.

पटते ते संस्कृतचे थोर अभ्यासक रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचे म्हणणे. बाराव्या शतकातल्या हेमचंद्र या जैन पंडिताने हे नाव रुद्राचे, म्हणजे शंकराचे, म्हणून नोंदवले आहे. त्यावरून भांडारकरांनी असा तर्क केला, की पंढरपुरात आधी शिवाची उपासना होती, पांडुरंग हे त्या शिवाचे नाव होते, आणि पुढे विठ्ठलाचा महिमा वाढला तेव्हा ते त्याच्याकडे आले. शंकर गोरा हे तुला ठाऊकच आहे, कारण आरतीनंतर आपण ‘कर्पूरगौरं’ म्हणतो, म्हणजे कापरासारखा गोरा. शिवाय ज्या पुंडलिकासाठी देव विटेवर उभा राहिला, त्याच्या चंद्रभागेच्या वाळवंटातल्या मंदिरातही शिवलिंगच आहे आणि त्यावर मुखवटा चढवतात.

दुसरे मत असे, की नाव देवाचे नसून आधी गावाचे आहे. पंढरपूरचे जुने नाव ‘पंडरगे’. हे कानडी वळणाचे नाव आहे, आणि त्यात नवल नाही, कारण एके काळी तिथे कर्नाटकातल्या राजांची सत्ता होती. होयसळ राजा सोमेश्वराने विठ्ठलाच्या भोगासाठी गाव दान दिल्याचा 1237 सालचा शिलालेख मंदिरात आहे. ज्ञानेश्वरांनीही विठ्ठलाला ‘कानडा’ म्हटले. तर पंडरग्याचा देव तो पंडरंग, आणि संस्कृत जाणणाऱ्यांनी त्या नावाला सोवळे नेसवून त्याचा पांडुरंग केला, असे हे मत. तसे असेल तर रंगाचा संबंधच उरत नाही, आणि तुझा प्रश्न ज्या शब्दाने निर्माण झाला तो शब्दच मुळात एका गावाच्या नावाचा संस्कृत अवतार ठरतो.

दोहोंपैकी एक निवडायचे तर मी भांडारकरांच्या बाजूने झुकतो, आणि त्याचे कारण थोडे घरगुती आहे. तुझी पणजी एकादशी आणि सोमवार दोन्ही धरायची. कोणी विचारले तर ‘विठोबाच्या डोक्यावर महादेव आहे, मग मी वेगळे काय करते?’ असे म्हणायची. विठ्ठलाच्या माथ्यावर शिवलिंग आहे ही वारकऱ्यांची जुनी श्रद्धा आहे. रामदासांच्या मनाच्या श्लोकांतही ‘विठोने शिरी वाहिला देवराणा’ असे आले आहे. काळ्या देवाने पांढऱ्याला डोक्यावर घेतले, तर त्याचे नावही घेतले असेल, असे मला वाटते.

देवघरातल्या तसबिरीत विठ्ठलाच्या डोक्यावरची ती उंच, निमुळती टोपी आहे ना, तिलाच लिंग मानतात. आज संध्याकाळी नीट पाहा, आणि रविवारी आजीचा फोन येईल तेव्हा तिला विचार. तिने पंढरपुरात पायांवर डोके ठेवून मान वर केली तेव्हा ते जवळून पाहिले आहे.

तुझा,
बाबा