भावाच्या टायमिंगवर तिची धाव मोजू नका

(माण तालुक्यातल्या एका वडिलांचं पत्र आहे. मुलगी १५ वर्षांची, दहावीत, ८०० मीटर धावते. तेराव्या वर्षापर्यंत जुळ्या भावाला मागे टाकायची. आता भाऊ २ मिनिटं १० सेकंदांवर आणि ती वर्षभर २ मिनिटं २५ सेकंदांवर अडकली आहे. पोरगी ढिली पडली म्हणून त्यांनी तिला मुलांच्या बॅचमध्ये सरावाला घातलं, रात्रीची भाकरी बंद केली, रोज सकाळी वजनकाट्यावर उभी करतात. यंदा राज्य पातळीवर पदक आलं नाही तर ग्राउंड बंद आणि नीटचा क्लास सुरू. हे योग्य आहे का, असं ते विचारतात.)

सप्रेम नमस्कार,

तुमच्या पत्राच्या शेवटी एक ओळ आहे : "पाच महिने पाळी आलेली नाही, पण सर म्हणतात, जोरात सराव करणाऱ्या मुलींचं असं होतंच." मला बाकीच्या दोन पानांपेक्षा या ओळीची काळजी वाटते. सरांचं म्हणणं चुकीचं आहे. आधी नियमित येणारी पाळी तीन महिने चुकली की डॉक्टर गाठायचा असतो. सराव वाढला आणि ताटातलं कमी झालं की शरीर आधी अशा गोष्टी बंद करतं, ज्यांच्याशिवाय आजचा दिवस निघतो. पाळी त्यातली पहिली. पाठोपाठ हाडं कमजोर होतात, नडगीला बारीक तडे जातात. हाडं भरायचं वय हेच आहे, ते पुन्हा येत नाही. तुम्ही तिची भाकरी काढून घेतलीत, तिथेच बहुधा तिचा वेग अडला आहे.

आता भावाचं. तेराव्या वर्षापर्यंत ती पुढे होती यात नवल नाही. वयात येण्याआधी मुलामुलींच्या धावण्यात फारसा फरक नसतो, आणि मुली आधी वयात येतात. त्यानंतर मुलांमध्ये टेस्टोस्टेरॉन अनेक पटींनी वाढतं. स्नायू भरतात, उंची वाढते, हृदय आणि फुप्फुसं मोठी होतात, रक्तात हिमोग्लोबिन जास्त राहतं, म्हणजे प्राणवायू जास्त पोहोचतो. कितीही मेहनत केली तरी हे अंतर पुसलं जात नाही. ८०० मीटरचा पुरुषांचा जागतिक विक्रम डेव्हिड रुडिशाचा, १ मिनिट ४०.९१ सेकंद, लंडन २०१२. महिलांचा यार्मिला क्रातोखविलोवाचा, १ मिनिट ५३.२८, १९८३ पासून कुणाला मोडता आलेला नाही. साडेबारा सेकंदांच्या आसपास फरक, म्हणजे सुमारे १२ टक्के. तुमच्या दोन्ही लेकरांमधलं अंतर हिशेबाला धरून तेवढंच येतं. पोलीस भरतीतसुद्धा मुलं १६०० मीटर धावतात आणि मुली ८००, गोळा मुलांना ७.२६ किलोचा आणि मुलींना ४ किलोचा. शासनाला जे कळलं ते घरात कळायला हवं. ती ढिली पडलेली नाही. ती बाई होते आहे, आणि या वर्षा-दोन वर्षांत बऱ्याच मुलींचं टायमिंग थांबतं. धीर धरला तर पुढे सुटतं.

तुमच्याच तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबर २०१६ मध्ये रिओला ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावल्या, तेव्हा २७ वर्षांच्या होत्या. तुमची पोर १५ ची आहे. तिला यंदाच्या पदकाची मुदत कशासाठी?

नीटचं म्हणाल तर अकरावीला जीवशास्त्र घेतलं की वाट मोकळी राहते, आज ठरवायची गरज नाही. खेळाडूंना शासकीय नोकरीत ५ टक्के आरक्षण आहे, तेही आत्ताच हिशेबात धरू नका. पण ग्राउंड बंद करण्याची धमकी आजच मागे घ्या. अभ्यास शिक्षा म्हणून गळ्यात पडला की तो नकोसा होतो, हे मी दर वर्षी बघते.

या आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे न्या, आईला सोबत घ्या. हिमोग्लोबिन आणि फेरिटिन दोन्ही तपासा. हिमोग्लोबिन ठीक दिसलं तरी लोहाचा साठा रिकामा असू शकतो, तो फेरिटिनवरून कळतो. डॉक्टर सांगेपर्यंत जोराचा सराव थांबवा. रात्रीची भाकरी, वरण, अंडी चालत असतील तर तीही, पुन्हा ताटात येऊ द्या. वजनकाटा घरातून हलवा. डॉक्टरांनी परवानगी दिली की सरावाला मुलींचा गट शोधा, आणि पाळीच्या तारखा व रोजचा सराव एकाच वहीत तिलाच लिहू द्या. ती वही तपासायची नाही. तिनं स्वतःहून दाखवली तर बघा.